पान बाहेर जाणार नाही

सुगाव्याच्या पडद्यावर एकतीस हा आकडा उमटला, तेव्हा शलाका घाडीने आधी यंत्रालाच एक टपली मारली. सरकारी यंत्र, काय सांगावं! मग तिने ते बंद करून पुन्हा चालू केलं, तारा काढून परत जोडल्या. आकडा तोच. शंभरात एकतीस. आणि तिच्या मागे, शाळेच्या पडवीत, अख्खं खोलवणे गाव माना उंचावून उभं होतं. सरपंचबाईंनी तर पेढ्यांचा पुडा सोडूनही ठेवला होता.

"किती इला गो?" तिच्या बाबांनी विचारलं. सोमा घाडी, वय वर्षं एक्याऐंशी, राखणदाराच्या राईचे, म्हणजे गावच्या देवराईचे, पिढीजात मानकरी.

"एकतीस."

"म्हंजे नापास?"

चाळिसाच्या खाली नापासच. आणि हे नापास होणं शाळेतल्यासारखं नव्हतं, की पुढच्या वर्षी परत बसा. ज्या रानाचा वनांक चाळिसाच्या खाली, ते कायद्याने 'अवनत वन'. साठ दिवसांत हरकत सिद्ध झाली नाही तर ते मुळासकट साफ करायचं आणि तिथे नवं रान लावायचं. नवं रान म्हणजे 'हरितवेग' कंपनीचा शीघ्रसाग. जनुकं बदललेला, सात वर्षांत तोडीला येणारा, सगळा एका उंचीचा, ओळीत उभा. त्याच्याखाली गवताचं पातंही उगवत नाही.

शलाकाला गावाकडे वळून बघवेना. कारण राईची तपासणी कोणी मागितलीच नव्हती. खोलवण्याचं नाव यादीतसुद्धा नव्हतं. वनांक खात्यात सुगावा चालवणारी ती एकटी कोकणातली, आणि तिनेच साहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं, "आमची राई एकदा मोजा. नव्वदच्या खाली आली तर घाडी नाव लावणार नाही." हौसेला मोल नाही म्हणतात. इथे मोल होतं सत्तावीस एकर.

पेढे कोणीच खाल्ले नाहीत.

आता हा सुगावा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. झाड आपलं गप्प उभं असतं असं आपल्याला वाटतं. साफ चूक. परागाची धूळ, सालीचा भुगा, पानांवरून ठिबकलेलं पाणी, पाचोळ्याची माती, असं झाड दिवसभर स्वतःला थोडं थोडं सांडत असतं. त्या प्रत्येक कणात त्या झाडाच्या डीएनएचे तुकडे असतात. सुगावा सात दिवस रानात बसून हवा ओढतो, कण गाळणीवर धरतो, तुकडे वाचतो आणि राज्याच्या जनुकसंग्रहाशी ताडून सांगतो, की इथे कोकम आहे, इथे किंजळ आहे, इथे रानमोडीचं तण माजलंय. शंभर तुकड्यांमागे अस्सल इथल्या झाडांचे किती, तो वनांक. कल्पना खरोखर चांगली होती. माणसाने रान फिरून जे महिन्यात कळायचं नाही, ते पेटी आठवड्यात सांगायची.

राईच्या शंभर तुकड्यांत एकतीस देशी निघाले, चार परदेशी तणांचे. उरलेल्या पासष्टांपुढे एकच शब्द होता: अनोळखी. म्हणजे संग्रहात त्यांच्या जोडीचं काही सापडलंच नाही. पूर्वी अशा अनोळखी तुकड्यांना खातं सोडून द्यायचं. मग काही हुशार लोकांनी परदेशातली नवीनवी शोभेची झाडं लावून वनांक फुगवले, आणि खात्याने नियम केला: अनोळखी ते परकं. नियम करणाऱ्याने कधी खोलवणे पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी शलाकाने जनुकसंग्रहाच्या प्रमुख निमकर मॅडमना फोन लावला. बाई साठीच्या, बोलायला फटकळ, पण वनस्पतीशास्त्रात त्यांचा शब्द शेवटचा.

"त्यात घाबरायचं काय?" मॅडम म्हणाल्या. "हा संग्रह आम्ही गेल्या दहा-बारा वर्षांत ताज्या पानांवरून केला. जुन्या संग्रहालयातल्या पानांना कीड लागू नये म्हणून विष चोपडायचे, त्यात डीएनएची पार वाट लागलेली. आणि आम्ही ताजी पानं शोधत फिरलो तोवर डोंगरावर रबर नि काजू लागलेले. तुमच्या राईतलं पुष्कळसं बाहेर कुठे उरलेलंच नाही. प्रत्येक अनोळखी झाडाचं एक पान पाठव, फुलासकट, दाबून वाळवून. नमुना माझ्या कपाटात आला की नाव संग्रहात चढलं."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त पान मिळवून दाखव." मॅडम जराशा हसल्या. "तीस वर्षांपूर्वी मी तुमच्या वेशीवर दोन दिवस बसले होते. तुझ्या बाबांनी मला दोन वेळची पेज दिली, सोबत करवंदाचं लोणचं. पान दिलं नाही."

शलाकाने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. राईत अनवाणी जायचं. परक्या माणसाला राखणदाराचा कौल घेतल्याशिवाय आत न्यायचं नाही. आणि आतलं पान, काटकी, फळ, काही म्हणजे काहीच बाहेर आणायचं नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजेल. या एका नेमापायी राई टिकली होती, आणि त्याच नेमापायी ती संग्रहात नव्हती.

बाबांना विचारून पाहिलं. उत्तर ठाऊक होतं तरी.

"माझ्या बापाशीन नेल्यान नाय, आज्यान नेल्यान नाय," बाबा म्हणाले, "आणि आता मी नेतलंय? तुझ्या मशिनीक नाक असा, पण वळख नाय. ता तिचा दुखणा. राईचा नाय."

"बाबा, राईच ऱ्हवली नाय तर नेम घेऊन काय करशात?"

"पान भायर जाऊचा नाय," बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी पहाटे शलाका उठली, एक जुनी वही घेतली आणि राईत शिरली. म्हातारा ऐकत नाही तर न ऐको. उजाडेपर्यंत तिने सात झाडांची सात पानं वहीत घातली. डोकं ठिकाणावर होतं. सत्तावीस एकर वाचवायला सात पानं, यात पाप ते काय? ती वेशीवरच्या दोन जांभ्या दगडांपाशी आली तर एका दगडावर बाबा बसलेले.

"वयीत काय असा?"

खोटं बोलणं जमलं नाही. "पानां. सात."

"बरा."

"अडवशात माका?"

"नाय गो. माझ्या अंगात आता तेवढी ताकद खंय?" बाबांनी सरकून तिला बसायला जागा केली. "फक्त एक ऐक. तुझी आवस गेली, तेव्हा आषाढ होतो. सुका लाकूड औषदाक गावूचा नाय. आणि हय, ह्या दगडापासून धा पावलार, किंजळ पडलेलो. सुको खडखडीत. कोणी हात लावल्यान नाय. लोकांनी तीन कोसावरसून डोक्यार लाकडां हाडली. तुझ्या आवशीक संध्याकाळपर्यंत वाट बघूची लागली. मीच म्हटलंय, थांबतली ती. आता जा तू."

शलाका तेव्हा नऊ वर्षांची होती. चिंब भिजलेली माणसं, डोक्यावर मोळ्या, आणि ओसरीत पांढऱ्या कापडाखाली आई. एवढंच तिला आठवत होतं. दहा पावलांवर लाकूड होतं, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

तिने वही उघडली. सातही पानं एकेक करून दगडाच्या आतल्या बाजूला ठेवली. मग तिला रडू फुटलं आणि रडतारडता संतापही आला. "मगे काय राई जाताना बघत बसूचा?"

"ता मी खंय म्हटलंय?" बाबाही तापले. "तुका इतक्या शिकवलंय ता कित्याक? डोक्यात काय ता भायर काढ. पान नको काढू."

ती तिथेच दगडावर बसून राहिली. खात्याची नियमावली तिच्या फोनमध्ये होती. आजवर कधी नीट वाचली नव्हती. नोकरी करणारा माणूस नियमावली कशाला वाचतो? आता ओळ न ओळ वाचली. तेराव्या पानावर नमुन्याची व्याख्या होती: 'नमुन्यास क्रमांक असावा, तो मान्यताप्राप्त जागी कायम जतन केलेला असावा, व कोणाही अभ्यासकास तपासणीसाठी पाहता यावा.' तिने ते तीनदा वाचलं. वाळवलेला असावा, असं कुठेही नव्हतं. कापलेला असावा, असंही नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, जतन केलेलं म्हणजे मेलेलंच.

"बाबा," ती म्हणाली, "डीएनए वाचूचा मशीन माझ्याकडेच असा. पान आतच वाचता येता. आणि नमुनो जपूची जागा... ह्या काय मोठा कपाट समोर! राई किती वर्सां जपतोय आपण?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या. "कौल लावया," ते म्हणाले.

कौल रविवारी लागला. राईच्या मधोमध राखणदाराचा दगड. त्याच्या दोन खांद्यांना ओल्या तांदळाचे दाणे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. गावातल्या जाणत्यांनी आपला प्रश्न आधी विचारला: पान बाहेर न्यावं काय? डावा दाणा असा टपकन पडला, की सरपंचबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"प्रश्न बदला," शलाका पुढे होऊन म्हणाली. "पान भायर नाय, तर भायरच्यांका आत हाडूचा काय, ता इचारा."

कुजबुज झाली. एका पिढीत एकदा विचारावा असा प्रश्न. बाबांनी विचारला. एक मुंगी दगडावर चढली, उजव्या दाण्यापाशी थबकली, पुढे गेली. मग उजवा दाणा पडला.

आता कोणी म्हणेल, ओला दाणा वाळला की पडणारच, त्यात देव कुठून आला? शलाकालाही ते ठाऊक होतं, ती काही कमी शिकलेली नव्हती. पण तो दाणा पडल्यावर गावातलं एकही माणूस घरी बसलं नाही, एवढं तरी कबूल करा.

शलाकाने खात्यात हरकत नोंदवली, साठाव्या दिवशीची सुनावणी मिळाली. मग बेचाळीस दिवस काम चाललं. शलाका पेटी घेऊन राईतच मुक्कामाला. अनोळखी झाड गाठायचं, खाली गळलेलं पान पेटीत वाचायचं, उरलेला चोथा त्याच्याच बुंध्याशी ठेवायचा. बुंध्याला खिळा ठोकायचा नाही, म्हणून शेजारी जांभ्याचा दगड आणि त्यावर चुन्याने आकडा. नावं गावच्या बायका सांगत. संग्रहाला अनोळखी असतील, बायकांना कशाला असतील? एकीचं नाव रडवी, तिचा चीक डोळ्यात गेला की तासभर पाणी. एकाचं उपाशी, कारण त्याचं फळ पाखरूही खात नाही. एका वेलाला तर सरळ 'थोरल्या वहिनी' म्हणत. सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसते म्हणून. तेव्हा तिथे हजर असलेल्या दोन-तीन थोरल्या वहिनी काय बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकोणिसाव्या दिवशी दळवी साहेबांचा फोन आला. शलाकाचे वरिष्ठ, माणूस वाईट नव्हे, पण वाऱ्याची दिशा बघून बोलणारा. "घाडी, रजा न घेता तिथे काय चाललंय? तू खात्याची की गावाची, ते एकदा ठरव."

"सुनावणीला या साहेब. तिथे सांगते."

"सुनावणी कार्यालयात होते."

"नियम सतरा. सुनावणी नमुन्यांसमोर होते. नमुने इथे आहेत." तिने फोन ठेवला. अकरा वर्षांची नोकरी होती. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण चुना वाळत चालला होता आणि चौसष्टावा दगड अजून रंगवायचा होता.

साठाव्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन गाड्या आल्या. पहिलीतून दळवी साहेब आणि हरितवेगचे मॅनेजर उतरले, मॅनेजरांच्या हातात राई साफ करण्याचा नकाशा तयारच. दुसरीतून निमकर मॅडम. वेशीवरच्या दगडापाशी पूर्ण गाव उभं होतं.

"बूट," सोमा घाडी म्हणाले.

"काय?" मॅनेजर म्हणाले.

"हयसर काढा."

निमकर मॅडमनी कधीच चपला काढल्या होत्या. "पेज आहे का सोमाभाऊ?" त्यांनी विचारलं.

"असा. आधी काम करा, मगे खावा."

आत गेल्यावर राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं होतं. बाबांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. दोन महिने म्हाताऱ्याने कोणाला जाणवू दिलं नव्हतं, ते तिथे उघडं पडलं. त्यांनी शलाकाच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढे केलं. खोलवण्यात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. कोणी काही म्हणायच्या आत तिने सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"जेंका आमची झाडां परकी वाटतत, तेंका ती एकदा डोळ्यांनी दाखव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तरीय जो कोण हय कुऱ्हाड घेऊन येतलो, तेका आदी आमच्यावरसून जाऊचा लागात, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दळवी साहेबांनी रुमालाने मान पुसली. "ठीक आहे, ठीक आहे. वाळवलेले नमुने कुठे आहेत?"

"एक ते एकशे त्रेचाळीस," शलाका म्हणाली. "प्रत्येकाला क्रमांक. कायम जतन केलेले. कोणीही येऊन पाहावेत. फक्त अनवाणी."

"ही थट्टा आहे," मॅनेजर म्हणाले. "कोणी मान्यता दिली या जागेला?"

"मान्यता देण्याचा अधिकार माझा आहे," निमकर मॅडम म्हणाल्या, "आणि मी अजून काही बोललेले नाही." त्या एकेक दगड बघत चालल्या होत्या. पन्नासाव्या दगडापाशी, रडवीपुढे, त्या खाली बसल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हिचं एक पान मी पाहिलंय. शंभर वर्षांपूर्वीचं, काळं पडलेलं, विष चोपडलेलं. आम्ही तिला नामशेष म्हणून लिहून टाकलं होतं. मीच लिहिलं होतं." मग त्या शलाकाकडे वळल्या. "जिवंत असताना मी हिला कपाटात कशाला नेऊ? आण तो टॅबलेट."

त्यांनी तिथेच, गुडघे मातीत टेकवून, राईला नमुना जतन करण्याची मान्य जागा म्हणून सही केली. एकशे त्रेचाळीस नावं संग्रहात चढली, रडवी, उपाशी आणि थोरल्या वहिनींसकट. आता शलाकाने सुगाव्यावर तोच जुना सात दिवसांचा हवेचा नमुना पुन्हा ताडायला लावला. हवा तीच होती, तुकडे तेच होते. चार मिनिटं पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मग आकडा आला: शहाऐंशी.

गावाने असा काही कल्ला केला, की राईत गाऱ्हाण्याखेरीज मोठ्याने बोलायचं नाही हा नेम त्या दिवसापुरता राखणदारानेच माफ केला असावा.

"नव्वद म्हटलेलस ना तू?" बाबा डोळे पुसत म्हणाले. "चार खंय गेले?"

"अजून दहा टक्के अनोळखी हत, बाबा. शोधूचे लागतले."

दळवी साहेबांनी निकालावर सही केली. त्यात त्यांना फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. परत निघताना मात्र ते म्हणाले, "यंत्र गाडीत टाक, घाडी."

"यंत्र इथेच राहील, साहेब."

"सरकारी मालमत्ता आहे ती!"

"असेल. त्याच्या गाळणीत या राईचे पराग आहेत, सालीची धूळ आहे. ती बाहेर जाणार नाही. पहिल्या वेळी मी नकळत नेली. शाळेच्या पडवीत पेटी उघडली आणि एकतीस आकडा बघितला. तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. पुन्हा तीच चूक करणार नाही."

"नोकरी जाईल तुझी."

शलाकाने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं. "हे राईतलं नाही," ती म्हणाली. "हे खुशाल न्या."

साहेब काहीतरी बोलणार होते. पण तेवढ्यात वेशीपाशी सोमा घाडींनी काठी आडवी धरली होती आणि काठीपलीकडे जायला निघालेले हरितवेगचे मॅनेजर जागीच थांबले होते. बाबांची नजर त्यांच्या पायांकडे होती. दुमडलेल्या पॅंटच्या घडीत एक पान अडकलं होतं. रडवीचं, ओलं, बोटाएवढं.

"पान," बाबा म्हणाले.

मॅनेजरांनी दळवींकडे बघितलं. दळवी झाडांकडे बघत होते. निमकर मॅडम पेजेचं भांडं हातात धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या. मागे अख्खं खोलवणे हात बांधून उभं, कोणाला कसली घाई नव्हती.

मॅनेजर वाकले. पान दोन बोटांत धरलं, चार पावलं मागे आले आणि दगडाच्या आतल्या बाजूला, मातीवर, ते ठेवलं. सोमा घाडींनी काठी बाजूला घेतली.

"व्हय म्हाराजा!" शलाका म्हणाली, आणि गावाने तिच्या आवाजात आवाज मिसळला.